म्होरक्या

१९१४ सालच्या वसंतात अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावरील नोम या गावी कुत्र्यांच्या घसरगाड्यांची शर्यत सुरू झाली. वसंत म्हणावयाचा तो केवळ पंचांगापुरता. त्या प्रदेशात एप्रिल महिन्यातही नद्या गोठलेल्या असतात आणि जमीन हिमाखाली गाडलेली असते. नोमहून निघून कँडल या दूरच्या वस्तीपर्यंत जावयाचे आणि परत नोमला यावयाचे, असे एकंदर ४०८ मैलांचे, म्हणजे सुमारे साडेसहाशे किलोमीटरांचे अंतर होते. स्पर्धकांत लिओनहार्ड सेपाला नावाचा एक ठेंगणा, काटक नॉर्वेजियन मनुष्य होता. १९०० साली तो सोन्याच्या ओढीने अलास्कात आला आणि एका खाणकंपनीत नोकरीस राहिला. त्याच्या गाडीला सैबेरियाच्या जातीची तरुण कुत्री जुंपलेली होती. प्रसिद्ध संशोधक अमुंडसेन याच्या नियोजित ध्रुवमोहिमेसाठी ही पिल्ले आणविली होती व त्यांना शिकविण्याचे काम सेपालाकडे आले होते. पुढे ती मोहीम रद्द झाली आणि कुत्री त्याच्याकडेच राहिली.

कुत्री उत्साही होती, पण कोवळी होती. वाट त्यांना ठाऊक नव्हती आणि सेपालालाही ती पुरती ठाऊक नव्हती. मार्गात हिमवादळ उठले, दिशा हरपली, आणि काही वेळाने त्याच्या ध्यानी आले की आपली गाडी समुद्रावरच्या तुटलेल्या कड्याकडे चालली आहे. मोठ्या कष्टाने त्याने कुत्र्यांना मागे फिरविले. कडा टळला, परंतु टणक बर्फावर झटापट करताना कुत्र्यांचे पंजे फाटले, नखे उचकटली, पाय गारठून गेले. सेपालाने शर्यत सोडून दिली. पराभवाचे शल्य त्याला होतेच, पण त्याहून अधिक लागली ती दुसरी गोष्ट. कुत्री चुकली नव्हती. तो सांगेल तिकडे ती निमूटपणे धावली होती. चूक सांगणाऱ्याची होती.

जखमी कुत्री बरी होण्यास बराच काळ लागला. त्यानंतरच्या हिवाळ्यात सेपालाने कसलाही गाजावाजा न करता आपला संघ नव्याने तयार केला. १९१५ साली तीच शर्यत त्याने जिंकली. १९१६ आणि १९१७ सालीही जिंकली. १९१७ नंतर ही वार्षिक शर्यत बंद पडली. पहिल्या वर्षीचा सेपाला आणि दुसऱ्या वर्षीचा सेपाला यांत जे अंतर पडले, ते शर्यतीच्या वाटेवर पडले नव्हते. ते तयारीच्या महिन्यांत पडले होते.

आजची सर्वांत प्रसिद्ध शर्यत ‘इडिटारॉड’ या नावाने ओळखली जाते. तिचा जन्म एका चिंतेतून झाला. १९६० नंतरच्या दशकात अलास्कातील खेड्यांत हिमावर धावणाऱ्या मोटारी आल्या. कुत्र्यांच्या गाडीने टपाल, लाकूडफाटा, मासळी व आजारी माणसे वाहून नेण्याची जी रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती, ती पाहता पाहता ओसरू लागली. घरामागची कुत्र्यांची अंगणे ओस पडली. ही कुत्री आणि ही विद्या नाहीशी होऊ नये म्हणून जो रेडिंग्टन या गृहस्थाने खटपट करून १९७३ साली अँकरेज ते नोम ही लांब पल्ल्याची शर्यत सुरू केली. अंतर सुमारे सोळाशे किलोमीटर. वाटेत अलास्काची पर्वतरांग ओलांडावी लागते, गोठलेल्या युकॉन नदीवरून मजल मारावी लागते आणि शेवटी बेरिंग समुद्राच्या काठाने वाऱ्याशी झुंजावे लागते. पारा शून्याखाली चाळीस अंशांपर्यंतही उतरतो. पहिल्या वर्षी विजेत्याला सुमारे वीस दिवस लागले. अलीकडे विजेते साधारणपणे नऊ-दहा दिवसांच्या आसपास नोम गाठतात. गाडीला आरंभी किती कुत्री जुंपता येतात यावर मर्यादा असते, आणि अखेरीस निदान पाच तरी गाडीला असावी लागतात. थकलेले वा दुखावलेले कुत्रे वाटेतील ठाण्यावर उतरवून ठेवता येते. तेथून ते विमानाने परत पाठवितात. मात्र एका कुत्र्याच्या जागी दुसरे घेता येत नाही.

या शर्यतीत धावणारी बहुतेक कुत्री ‘अलास्कन हस्की’ म्हणून ओळखली जातात. ही शुद्ध अशी एक जात नव्हे. कोणाचे कान उभे, कोणाचे पडलेले. रंगांचा तर मेळच नाही. वजन बहुधा वीस ते पंचवीस किलो, म्हणजे चित्रांत दिसणाऱ्या भरदार, केसाळ कुत्र्यांहून ती कितीतरी किरकोळ असतात. त्यांची निवड रूपावरून झालेली नाही, कामावरून झालेली आहे. किंबहुना या क्षेत्रात रूप पाहून केलेली पारख पुष्कळदा फसलेली दिसते. १९०९ साली सैबेरियाची लहानखोर कुत्री प्रथम नोमला आली, तेव्हा लोकांनी त्यांना उंदीर म्हणून हिणविले. पुढच्याच वर्षी त्याच जातीच्या संघाने शर्यत जिंकली.

कुत्र्याचे शिक्षण जन्मापासूनच सुरू होते. पिल्लांचे डोळे उघडण्यापूर्वीच जाणता गाडीवान त्यांना हातांत घेतो, कुरवाळतो, आपल्या श्वासाचा व अंगाचा वास त्यांना ओळखीचा करून देतो. पिल्ले चार पावले धावू लागली की त्यांना मोकळे सोडून रानात फिरावयास नेतात. आडवी पडलेली लाकडे, ओढे, खाचखळगे यांवरून ती धडपडत मागे येतात. हे फिरणे म्हणजे वरवर पाहता खेळच. पण कोणते पिल्लू अडथळ्यापुढे रडत बसते, कोणते वळसा घालून वाट काढते आणि कोणते मागे राहिलेल्या भावंडासाठी थांबते, हे गाडीवान तेव्हाच मनात टिपून ठेवीत असतो. सहा-आठ महिन्यांचे झाले की त्याच्या अंगावर प्रथम साज चढतो. हा साज मऊ पट्ट्यांचा असून ओढीचा भार गळ्यावर न येता छातीवर व खांद्यांवर पडेल, अशा बेताने शिवलेला असतो. पहिल्या दिवसांत भार अगदी हलका, अंतर थोडके आणि शेजारी एखादे वयस्क, समजूतदार कुत्रे. माणसाने शंभर वेळा सांगून जे कळत नाही, ते या जोडीदाराकडून पिल्लू आठवड्याभरात शिकते.

ओढणे मात्र त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. साज हाती घेतलेला दिसला की सारे अंगण भुंकण्याने दणाणून जाते. जागच्या जागी उड्या मारून कुत्री गाडी हिसकावू पाहतात. ज्याला धावावयाचे नाही, त्याला कोणत्याही धाकाने सोळाशे किलोमीटर धावविता येणार नाही. म्हणून गाडीवानाचे खरे काम उत्साह निर्माण करण्याचे नसून, असलेला उत्साह जपून खर्च करावयास शिकविण्याचे असते.

उन्हाळ्यात बहुधा विसावा असतो. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. अंगातील उष्णता त्याला मुख्यतः जीभ बाहेर काढून, धापा टाकूनच घालवावी लागते. दाट दुपदरी केसांच्या या प्राण्याला थंडीपेक्षा उकाड्याचेच भय अधिक. ऑगस्टअखेर सकाळी गारवा पडू लागला की सराव सुरू होतो. तेव्हा हिम नसते. म्हणून कुत्री चाकांच्या लहान गाडीला जुंपतात. प्रारंभी तीन-चार किलोमीटर, मग पाच, मग आठ, असे अंतर हळूहळू वाढवितात. वेग वाढू देत नाहीत. स्नायू लवकर बळकट होतात. सांधे, स्नायुबंध आणि तळपायांची कातडी यांना तयार होण्यास अधिक काळ लागतो. हा फरक ज्याला उमगला नाही, त्याची कुत्री नाताळापूर्वीच लंगडू लागतात. हिम पडले की घसरगाडी बाहेर निघते. मग तीस, पन्नास, ऐंशी किलोमीटरांच्या फेऱ्या होतात, आणि त्यापुढे दोन-तीन रात्री उघड्यावर मुक्काम करावयाच्या सफरी. कमी लांबीच्या शर्यती आधी पुऱ्या केल्याशिवाय नवख्या गाडीवानाला इडिटारॉडमध्ये प्रवेशच मिळत नाही.

या गाडीला लगाम नाही, कासरा नाही. गाडीवान सर्वांत मागे, घसरगाडीच्या फळ्यांवर उभा असतो आणि पहिले कुत्रे त्याच्यापासून पंधरा-वीस मीटर पुढे असते. मधून एक लांब दोर जातो. त्याला दोन्ही बाजूंनी कुत्री जोडीजोडीने बांधलेली असतात. गाडीलगतची जोडी सर्वांत दणकट लागते, कारण वळणावर व उतारावर गाडीचा झोक तिलाच सांभाळावा लागतो. साऱ्यांच्या पुढे म्होरक्या. गाडीवानाने ‘जी’ म्हटले की उजवीकडे आणि ‘हॉ’ म्हटले की डावीकडे वळावयाचे, हे मुख्यतः त्याने जाणावयाचे असते. शब्द मोजके आहेत. पण वादळात, अंधारात, तहानभुकेने व्याकूळ असताना ते ऐकणे आणि मागच्या साऱ्यांना त्या वाटेने नेणे सोपे नव्हे. वेगवान कुत्री पुष्कळ निपजतात. म्होरक्या क्वचितच निपजतो.

आणि चांगल्या म्होरक्याची खरी कसोटी आज्ञा पाळण्यात नसते. सूझन बुचर ही अलास्कातील विख्यात गाडीवान एकदा गोठलेल्या नदीवरून चालली होती. टेक्ला नावाची तिची म्होरकी वाट सोडून सारखी उजवीकडे ओढू लागली. बुचरने तिला पुन्हा पुन्हा वाटेवर आणले. टेक्ला पुन्हा पुन्हा उजवीकडे वळे. ही कुत्री एरवी कधी हट्ट करीत नसे. अखेर बुचरने आपला आग्रह सोडला आणि तिला जाऊ दिले. गाडी बाजूला झाली न झाली तोच मागची वाट खचली आणि बर्फ नदीत कोसळले. माणसाच्या डोळ्यांना जे दिसत नव्हते, ते टेक्लाला पंजांखाली जाणवले असावे. परंतु अशा वेळी कुत्र्याने नकार द्यावा आणि माणसाने तो मानावा, एवढा विश्वास ऐनवेळी निर्माण होत नाही. कुत्र्याच्या प्रत्येक अवज्ञेला शिक्षाच देत आलेल्या गाडीवानाची टेक्ला त्या दिवशी मुकाट्याने सरळ गेली असती.

सेपालाचा म्होरक्या टोगो याची कथाही येथे सांगण्याजोगी आहे. पिल्लू असताना तो आजारी व अशक्त होता. हे ओढगाडीच्या कामाचे नाही, असे ठरवून सेपालाने त्याला एका बाईंकडे पाळावयास देऊन टाकले. टोगोने खिडकीच्या काचेतून उडी घेतली आणि कित्येक मैल धावत तो परत आला. पुढे संघ बाहेर पडला की हा मोकाट त्यांच्या मागे लागे व मोठ्या कुत्र्यांच्या खोड्या काढी. शेवटी आठ महिन्यांच्या या उपद्व्यापी पिल्लाला आवरावे कसे, हे न सुचून सेपालाने त्याला साज चढविला. त्या एका दिवसात तो सुमारे १२० किलोमीटर धावला आणि सायंकाळपर्यंत पुढच्या जोडीत पोहोचला. १९२५ साली नोममध्ये घटसर्पाची साथ आली, तेव्हा औषधाची पेटी वीस गाडीवानांनी टप्प्याटप्प्याने नोमपर्यंत पोहोचविली. त्यांतील अत्यंत कठीण टप्पा सेपालाचा होता. त्याला नॉर्टन आखातावरील तडकणारे बर्फ रात्रीच्या वादळात ओलांडावयाचे होते. त्या वेळी बारा वर्षांचा झालेला टोगो पुढे होता. ज्याला सेपालाने निकामी ठरविले होते, त्याच्या पावलांवर त्या रात्री सेपालाचा जीव अवलंबून होता.

धावण्याइतकेच थांबणेही शिकावे लागते, ही गोष्ट पाहणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. शर्यतीत कुत्र्याला दिवसाकाठी सुमारे दहा हजार उष्मांक लागतात. मनुष्याच्या सर्वसाधारण गरजेच्या हे चौपट, आणि कुत्र्याचे वजन मात्र मनुष्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढे! ही शक्ती मुख्यतः चरबी व मांस यांतून मिळते. प्रारंभीच्या दिवसांत स्नायूंमधील साठा झपाट्याने खर्च होतो. परंतु सरावलेल्या कुत्र्याचे शरीर लवकरच आपला कारभार बदलते आणि धावणे चालू असतानाच तो साठा राखू लागते. माणसाच्या शरीराला हे सहसा साधत नाही, आणि शास्त्रज्ञ अजूनही त्याचा अभ्यास करीत आहेत. पण पोटात अन्न गेले तरच हे सारे घडावयाचे. दमलेले कुत्रे खावयास तोंड लावीत नाही. म्हणून अपरिचित जागी, वाऱ्यात, इतर संघांच्या गलबल्यात खाणे, पाणी पिणे आणि गवताच्या काडावर अंगाचे वेटोळे करून ताबडतोब झोपी जाणे, हे हिवाळाभर मुक्काम करकरून अंगवळणी पाडावे लागते.

मुक्कामावर गाडी थांबली की कुत्र्यांचा दिवस संपतो आणि गाडीवानाचा सुरू होतो. प्रथम काड पसरावयाचे. पायांतील कापडी मोजे काढावयाचे. हे मोजे बोटांच्या बेचक्यांत बर्फाचे खडे साठू नयेत आणि तळवे सोलू नयेत म्हणून घातलेले असतात. मग चूल पेटवून बर्फ वितळवावयाचे, कारण त्या ओसाड वाटेवर मुबलक असते ते बर्फ, पाणी नव्हे. पाणी गरम होईतो प्रत्येक कुत्र्याजवळ गुडघे टेकून पंजे पाहावयाचे. चौदा कुत्र्यांचे छप्पन्न पंजे! एखाद्या बेचक्यात चीर पडली असेल तर मलम, एखादा खांदा आखडला असेल तर चोळणे. मग सर्वांना ऊन ऊन अन्न, आणि सर्वांत शेवटी, वेळ उरला तर, स्वतःचे जेवण व तासाभराची झोप. चार-पाच तासांनी पुन्हा छप्पन्न मोजे चढवावयाचे. हे काम हातमोजे घालून होत नाही. त्या थंडीत उघड्या बोटांनीच करावे लागते.

एवढे जपूनही अपघात घडतात. शर्यतींत कुत्री मृत्युमुखी पडली आहेत, आणि मुक्या जनावरांना इतके लांब धावविणे योग्य आहे काय, असा प्रश्न प्राणिमित्र गेली अनेक वर्षे विचारीत आले आहेत. तो प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. शर्यतीपूर्वी प्रत्येक कुत्र्याचे रक्त व हृदय तपासणे, ठाण्याठाण्यावर पशुवैद्य ठेवणे, एकदा सलग चोवीस तासांची आणि दोनदा आठ-आठ तासांची विश्रांती सक्तीची करणे, हे नियम अशाच काळजीतून झालेले आहेत. निसर्गही आता पूर्वीसारखी साथ देत नाही. पुरेसे हिम न पडल्यामुळे २००३, २०१५, २०१७ आणि २०२५ या वर्षी शर्यतीचा आरंभ फेअरबँक्स येथे हलवावा लागला.

वर जिचा उल्लेख आला ती सूझन बुचर १९५४ साली अमेरिकेच्या पूर्व भागातील मॅसॅच्युसेट्स राज्यात जन्मली. शहरात तिचे मन रमले नाही. काही काळ पशुवैद्याच्या हाताखाली काम करून ती अलास्काच्या रानात राहावयास गेली आणि आपली कुत्री तिने जन्मापासून स्वतः वाढविली. १९८२ आणि १९८४ साली तिला दुसरा क्रमांक मिळाला. १९८५ साली तिचा संघ उत्तम तयारीत होता. पण एका रात्री वाटेवर मूस हे सांबरासारखे परंतु घोड्याहूनही थोराड जनावर त्या संघात घुसले. साजात अडकलेल्या कुत्र्यांना पळता येईना. बुचरजवळ बंदूक नव्हती. कुऱ्हाड घेऊन ती त्या जनावराला अडवीत राहिली. मागून आलेल्या दुसऱ्या स्पर्धकाने त्याला गोळी घातली, तोवर दोन कुत्र्यांचा जीव गेला होता आणि इतर कित्येक जखमी झाली होती. बुचरने शर्यत सोडली. त्या वर्षी लिबी रिडल्स ही विजयी झाली. इडिटारॉड जिंकणारी ती पहिली स्त्री होय. पुढच्याच वर्षी, १९८६ साली, बुचरने ही शर्यत जिंकली आणि त्यानंतर १९८७, १९८८ व १९९० सालीही जिंकली.

१९९१ साली ती पाचव्या विजयाच्या उंबरठ्यावर होती. तोपर्यंत कोणीच पाच वेळा जिंकले नव्हते. नोम अवघे सव्वाशे किलोमीटर उरले होते, व्हाइट माउंटन हे ठाणे मागे पडले होते आणि ती सर्वांच्या पुढे होती. एवढ्यात किनाऱ्यावर भयंकर वादळ उठले. वाटेच्या खुणा दिसेनात. बुचर काही वेळ झगडली आणि मग तिने गाडी वळविली. व्हाइट माउंटनला ती परत आली. रिक स्वेन्सन या प्रतिस्पर्ध्याच्या नावावरही तिच्याप्रमाणेच चार विजय होते. त्याने आपली कुत्री ओळखून दुसरा निर्णय घेतला. खुणा शोधीत, जागोजागी स्वतः कुत्र्यांपुढे चालत तो वादळातून पार झाला आणि पाचव्यांदा जिंकला. बुचर तिसरी आली.

पाचवा विजय तिला पुढेही लाभला नाही. १९९४ साली ती अखेरची इडिटारॉड धावली आणि २००६ साली रक्ताच्या कर्करोगाने वारली. शर्यत सुरू होते तो मार्च महिन्यातील पहिला शनिवार २००८ सालापासून अलास्कात तिच्या नावाने पाळला जातो.